पोस्ट कुणी काढली? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांचा सूर एकच आहे: "आमची साधी पोस्ट उडाली आणि त्या शिवराळ माणसाची जशीच्या तशी आहे." त्यातून एकमेकांत न मिसळणारे प्रश्न निवडले. उत्तरं वाचण्याआधी एक ध्यानात घ्या. प्लॅटफॉर्मवर "हे योग्य की अयोग्य?" असा विचार फार कमी वेळा होतो. "हे कुठल्या खान्यात बसतं?" एवढाच प्रश्न दिवसभर विचारला जातो. तुमचं भांडण असलंच, तर ते खान्याशी आहे.

प्रश्न: स्तनांची तपासणी घरच्या घरी कशी करावी, याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. दोन मिनिटांत गायब! इतक्या लवकर पाहिलं कुणी?

माणसाने कुणीच नाही. पोस्ट चढत असतानाच ती यंत्राच्या चाळण्यांतून जाते आणि त्यातल्या दोन महत्त्वाच्या.

पहिली चाळणी जुन्या ओळखीची. आधी काढून टाकलेल्या काही फोटो-व्हिडिओंचा एक आकडी ठसा यादीत साठवलेला असतो, त्याला हॅश म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं ओळखण्यासाठी आणलेलं फोटोडीएनए हे या जातीचं सर्वांत जुनं नावाजलेलं साधन. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने २०१९ मध्ये खुलं केलेलं पीडीक्यू हे असंच साधन फोटोमागे २५६ बिटांचा, म्हणजे ०-१ अशा २५६ खुणांचा, ठसा काढतं, आणि दोन ठशांत साधारण ३१ पर्यंत बिट वेगळे असले तरी "हा तोच फोटो" असं धरायची शिफारस आहे. म्हणून फोटो लहान केला, रंग थोडा बदलला, पुन्हा सेव्ह केला, तरी तो पकडला जातो. आरसा-प्रतिमा केली किंवा बराच भाग कापला, तर मात्र ठसा बदलतो. २०१९ च्या मार्चमध्ये क्राइस्टचर्चच्या हल्ल्याचा व्हिडिओ पहिल्या २४ तासांत फेसबुकने १५ लाख वेळा काढला, त्यातला १२ लाख वेळा चढतानाच अडवला. तरीही लोकांनी कापून, पडद्यावरून पुन्हा चित्रित करून त्याची ८०० हून अधिक वेगळी दिसणारी रूपं फिरवली.

दुसरी चाळणी क्लासिफायरची. हा न पाहिलेल्या मजकुराबद्दल अंदाज बांधतो: "नग्नता असण्याची शक्यता ०.९७." तुमचा फोटो बहुधा इथे अडकला. स्तनाग्र दिसलं की आकडा चढतो. शेजारी "कर्करोग" लिहिलेलं यंत्राने जोडून वाचलं, तर उतरतो. ते जोडणं जमलं नाही, तर पोस्ट जाते.

तुमच्यासारखंच एक प्रकरण मेटाचे निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र ओव्हरसाइट बोर्डापुढे अगदी सुरुवातीला आलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमधल्या एका व्यक्तीने स्तनांच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी आठ फोटो टाकले, त्यांतल्या पाचांत स्तनाग्रं दिसत होती. यंत्राने पोस्ट काढली. आरोग्यविषयक जागृतीला नियमात स्पष्ट सूट होती, तरीही काढली. बोर्डाने प्रकरण हातात घेतल्यावर कंपनीने चूक कबूल करून पोस्ट परत लावली. जानेवारी २०२१ च्या निकालात बोर्डाने सांगितलं की चित्रावर लिहिलेला मजकूर यंत्राला नीट वाचता आला पाहिजे आणि निर्णय यंत्राचा असेल तर वापरकर्त्याला तसं कळलं पाहिजे.

तेव्हा पुन्हा टाकताना विषय चित्रावरच ठळक लिहा, कॅप्शनच्या पहिल्या ओळीत पुन्हा लिहा. जिथे रेखाचित्राने भागतं तिथे फोटो नको. आणि काढलेला तोच फोटो लगेच परत चढवू नका. त्याचा ठसा यादीत गेला असेल, तर दुसऱ्यांदाही उडेल आणि खात्यावर आणखी एक नोंद पडेल. आधी अपील.

प्रश्न: उघड शिवीगाळ रिपोर्ट केली, तर "नियमभंग आढळला नाही". माझी चेष्टा मात्र लगेच उडाली. यंत्र एवढं हुशार असेल, तर हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार का?

याची दोन कारणं आहेत. एक गणितात आहे, दुसरं नियमाच्या शब्दांत.

गणित आधी. समजा दिवसाला १० लाख पोस्ट येतात आणि हजारात एक खरोखर नियम मोडणारी आहे, म्हणजे १,०००. क्लासिफायर त्यातल्या ९५ टक्के पकडतो: ९५०. उरलेल्या ९,९९,००० निर्दोष पोस्टपैकी तो फक्त १ टक्क्यावर चुकून बोट ठेवतो. ऐकायला छान वाटतं, पण त्या झाल्या ९,९९०. एकूण पकडल्या १०,९४०, त्यांत खऱ्या दोषी ९५०. शंभरातल्या जेमतेम नऊ! एवढ्या "हुशार" यंत्राच्या हातात थेट कात्री दिली तर निर्दोषांचीच जास्त कत्तल होईल.

म्हणून आकड्याचे टप्पे पाडतात. अगदी वरच्या टप्प्यात आपोआप काढणं, मधल्या टप्प्यात माणसाच्या रांगेत टाकणं, खाली दुर्लक्ष. वरची रेघ एवढी उंच नेली की चुका ९,९९० वरून शंभरेकांवर येतात, तर खऱ्या दोषींपैकी ९५० ऐवजी कदाचित ६०० च हाती लागतात. उरलेले ४०० सुटतात. तुम्ही पाहिलेला शिवराळ माणूस त्या ४०० तला. रेघ कुठे ओढायची, हा शुद्ध धोरणाचा निर्णय आहे. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने जाहीरच केलं की आपोआप शोधणारी यंत्रणा यापुढे दहशतवाद, बालकांचं शोषण, अमली पदार्थ, फसवणूक अशा गंभीर प्रकारांवर रोखायची आणि कमी गंभीर बाबतींत कुणी रिपोर्ट केल्यावरच हात घालायचा. सुटणारे वाढणार, चुकून मरणारे कमी होणार. दोन्ही एकदम कमी करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता शब्द. "शिवी दिली" हा मोठ्या प्लॅटफॉर्मवर सहसा स्वतंत्र गुन्हाच नाही. मेटाच्या द्वेषविषयक नियमात माणसांवर केलेला हल्ला बसतो, आणि तोही वंश, राष्ट्रीयत्व, धर्म, जात, लिंग, अपंगत्व, गंभीर आजार अशा राखीव वैशिष्ट्यांवरून केलेला. "तू मूर्ख आहेस, तुला अक्कल नाही" यात असं वैशिष्ट्य नाही, म्हणून या नियमात बसत नाही. एखाद्या विचारावर, संस्थेवर, प्रथेवर टीका चालते. तीच टीका "त्या जातीची माणसं" म्हणून केली की अडकते. तुम्ही गमतीत अमुक लोक सगळे असलेच, असं लिहिलं असेल, तर खाना तुमचा आहे, त्याचा नाही. रिपोर्ट करताना म्हणूनच "द्वेष" की "छळ" की "धमकी" हे नीट निवडा. चुकीच्या खान्यात टाकलेला रिपोर्ट तपासणारा त्याच खान्याच्या नियमाने पाहण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: एका पोस्टविरुद्ध आम्ही दोनशे जणांनी रिपोर्ट केलं. काहीच झालं नाही. किती रिपोर्ट लागतात?

एक. मोठ्या प्लॅटफॉर्मचं अधिकृत म्हणणं असं की रिपोर्टांच्या संख्येवर निकाल ठरत नाही, नियमावर ठरतो. संख्येने फार तर रांगेत नंबर पुढे सरकेल. दोनशे जणांनी एकच चुकीचा खाना निवडला, तर दोनशे वेळा नाही म्हणतील. ठरवून केलेले सामूहिक रिपोर्ट हे खुद्द गैरवापर म्हणून धरले जातात, तेही लक्षात असू द्या.

प्रश्न: आमच्या मराठी कमेंटी धमकी म्हणून उडतात आणि खऱ्या शिव्या तशाच राहतात. यांना मराठी येतच नाही का?

थोडी येते. थोडी येणं हाच त्रास आहे.

"तंगडं मोडून हातात देईन" हे एक भाऊ दुसऱ्याला दिवसातून दोनदा म्हणतो. "मेल्या, आलास कधी?" यात तर लाड आहे. पण धमकीचा नियम पाहतो: लक्ष्य आहे का, कृती हिंसक आहे का. पहिल्या वाक्यात दोन्ही आहेत. भाषेचा सूर कळायला क्लासिफायरला त्या भाषेतली, माणसांनी तपासून खुणा केलेली हजारो उदाहरणं लागतात. इंग्रजीत ती ढिगाने आहेत, मराठीत थोडी. त्यात निम्मी मराठी रोमन लिपीत, एकाच शब्दाची चार स्पेलिंगं, मध्ये हिंदी-इंग्रजीचा मारा.

साधी शब्दयादी वापरली तर आणखी गंमत. यादीत "मार" घाला आणि शब्दाच्या पोटात शोधा. "कुमार", "सुमार", "मारुती" सगळे अडकले. इंग्रजीत हीच फजिती १९९६ मध्ये झाली होती. स्कन्थॉर्प नावाच्या गावातल्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील शब्द दडलेला. पूर्ण शब्दच जुळवायचा ठरवलं, तर मराठीत विभक्ती आडवी येते: मूळ शब्दाला ‑ला, ‑ने, ‑च्या लागलं की तो यादीतला शब्द राहत नाही.

एक खाचखळगा फार कमी लोकांना माहीत असतो. "ऱ्या" हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतात, दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. मजकूर आधी एका साच्यात आणला नाही, तर यादीतली शिवी दुसऱ्या कीबोर्डने लिहिली की निसटते. शिवराळ माणसाला हे ठाऊक नसतं, नशीब त्याला साथ देतं.

एका शब्दाने किती घोळ होतो, याचं मोठं उदाहरण अरबीतल्या "शहीद"चं. मेटाने घोषित केलेल्या धोकादायक व्यक्तींच्या संदर्भात हा शब्द आला की तो स्तुती समजून पोस्ट काढली जाई. मार्च २०२४ मध्ये ओव्हरसाइट बोर्डाने सांगितलं की मेटाच्या प्लॅटफॉर्मवर एकाच शब्दामुळे होणाऱ्या कारवाईत या शब्दाचा क्रमांक पहिला आहे आणि सरसकट काढणं बंद करा. अरबीत या शब्दाला अनेक अर्थ आहेत, बातमीत आणि शोकसंदेशात तो सहज येतो. एवढ्या मोठ्या भाषेची ही गत, मग आपल्या "मेल्या"चं काय घेऊन बसलात!

प्रश्न: हे नियम लिहितं कोण?

कंपनीतला धोरण विभाग. त्यात वकील असतात, पोलीस खात्यातून आलेले असतात, बालसुरक्षा आणि दहशतवादाचे अभ्यासक असतात. मसुदा बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवतात, मग एका बैठकीत पर्याय मांडून निवड होते. बाहेर दिसणारा नियम चार ओळींचा असला, तरी आत तपासनिसांसाठी व्याख्या, अपवाद आणि चित्रांसह उदाहरणं असलेली जाडजूड वही असते. फेसबुकने या आतल्या सूचनांचा बराच भाग एप्रिल २०१८ मध्ये पहिल्यांदा खुला केला.

नियम बदलतात ते बहुतेकदा कुणीतरी जोरात ओरडल्यावर. २०१६ मध्ये फेसबुकने व्हिएतनाम युद्धातला, नापामच्या हल्ल्यातून नग्न धावत सुटलेल्या मुलीचा जगप्रसिद्ध फोटो काढला. नियमाप्रमाणे बरोबर होतं: लहान मूल, नग्न. नॉर्वेच्या आफ्टनपोस्टन वृत्तपत्राने पहिल्या पानावरून जाब विचारला, पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी तो टाकला तर त्यांचीही पोस्ट काढली गेली. शेवटी कंपनीने माघार घेतली, आणि बातमीमूल्य असलेल्या मजकुराला सूट देण्याचं धोरण त्याच वर्षी जाहीर झालं. ही सूट मात्र रांगेतला तपासनीस देऊ शकत नाही. ती वरच्या पातळीवर जावी लागते. ओळखदेख नसलेल्याची पोस्ट तिथवर पोचणं कठीण, हा आक्षेप रास्त आहे.

प्रश्न: पोस्ट आहे, पण लोकांपर्यंत जातच नाही. शॅडोबॅन खरंच असतो का?

असतो, फक्त त्याला ते नाव देत नाहीत. "पोहोच कमी करणं", "शिफारशीस अपात्र" असं म्हणतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये झकरबर्ग यांनी स्वतः लिहिलं होतं की मजकूर नियमाच्या रेघेच्या जितका जवळ जातो तितका लोकांचा प्रतिसाद वाढतो, म्हणून अशा मजकुराचा प्रसार मुद्दाम घटवायचा. यूट्यूबने जानेवारी २०१९ मध्ये काठावरच्या व्हिडिओंची शिफारस कमी करण्याची घोषणा केली. एक्सने एप्रिल २०२३ पासून काही द्वेषपूर्ण पोस्टवर "दृश्यमानता मर्यादित" अशी पट्टी लावायला सुरुवात केली, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक.

इन्स्टाग्रामवर सेटिंगमध्ये "अकाउंट स्टेटस" उघडा. काय काढलं, काय शिफारशीला चालत नाही, हे तिथे दिसतं, आणि तिथूनच फेरतपासणी मागता येते. ते सगळं हिरवं असेल, तर पोहोच घसरायचं कारण बहुधा साधंच: लोकांना कंटाळा आला. वाईट वाटेल, पण आलेल्या पत्रांतली निम्मी शॅडोबॅनची तक्रार याच खान्यातली वाटते.

प्रश्न: किती चुकांनंतर खातं बंद होतं?

यूट्यूबवर पहिल्यांदा बहुतेक वेळा फक्त ताकीद मिळते. त्यांचं छोटं प्रशिक्षण घेतलं, तर ती ९० दिवसांनी पुसली जाते. त्यानंतर पहिला स्ट्राइक (नियमभंगाची नोंद) म्हणजे एक आठवडा अपलोड बंद. त्याच ९० दिवसांत दुसरा, तर दोन आठवडे. तिसरा, तर चॅनेल गेलं. घाबरून व्हिडिओ डिलीट करणारे बरेच असतात. त्याने स्ट्राइक जात नाही, अपील मात्र लंगडं पडतं.

फेसबुकने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपली शिडी सैल केली. सहा स्ट्राइकपर्यंत ताकीद किंवा ग्रुपात पोस्ट करण्यासारख्या एखाद्या सोयीवर बंदी, सातव्याला १ दिवस, आठव्याला ३, नवव्याला ७, दहाव्यापासून ३० दिवस. बहुतेक स्ट्राइक वर्षाने पुसले जातात. बालशोषण, दहशतवाद अशा प्रकारांत ही शिडी नसतेच, पहिल्याच फटक्यात खातं जाऊ शकतं.

प्रश्न: गाण्यामुळे व्हिडिओ अडकला. हाही स्ट्राइक का?

कंटेंट आयडी ही यूट्यूबची दुसऱ्याचं गाणं-व्हिडिओ आपोआप ओळखणारी यंत्रणा. तिचा दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. त्यात सहसा कमाई दुसऱ्याकडे वळते किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही. हरकत घेतली, तर दावेदाराला उत्तराला ३० दिवस, ती फेटाळल्यावर अपील केलं तर ७ दिवस. कॉपीराइटची रीतसर नोटीस मात्र वेगळी, तिचा स्ट्राइक बसतो आणि तो नियमभंगाच्या स्ट्राइकमध्ये मिळवत नाहीत, वेगळा मोजतात. "मूळ मालकाला श्रेय दिलं आहे" ही ओळ लिहून काहीही होत नाही.

प्रश्न: अपील कसं लिहावं? आमची एकही मान्य होत नाही.

पाठवलेले नमुने वाचले. सगळ्यांची सुरुवात अशी: "मी दहा वर्षं हे खातं वापरतोय, आजवर कधी असं झालं नाही, हा अन्याय आहे." तपासनिसाला यातलं काहीच वापरता येत नाही. त्याच्यासमोर तुमची पोस्ट, नियमाचं नाव आणि "काढा / ठेवा" एवढंच असतं. त्याला "ठेवा" दाबायचं कारण पुरवा.

आधी पोस्ट काढल्याच्या सूचनेत कुठला नियम लिहिलाय ते पाहा आणि त्या नियमाचं पान उघडा. मेटाच्या पानांवर आधी उद्देश असतो, मग काय टाकू नये, मग संदर्भ असला तर काय चालतं. तुमचं काम तिसऱ्या भागात आहे. तिथला अपवाद शोधा आणि त्याला तुमच्या पोस्टमधली नेमकी जागा जोडा. पहिल्या प्रश्नातल्या वाचकांसाठी असं लिहिता येईल:

"या पोस्टमधले चारही फोटो स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीच्या पायऱ्या दाखवतात. प्रौढ नग्नतेच्या नियमात आरोग्यविषयक माहितीला सूट आहे. कॅप्शनच्या पहिल्या ओळीत आणि प्रत्येक फोटोच्या वरच्या पट्टीत तसं लिहिलेलं आहे."

तीन वाक्यं, बस. शक्यतो मराठीसोबत हेच इंग्रजीतही द्या. व्हिडिओ असेल, तर मिनिट-सेकंद लिहा. काही ठिकाणी लिहायला जागाच नसते, फक्त कारण निवडायचं बटण असतं. तिथे तुमची बाजू पोस्टमध्येच लिहिलेली असेल तर उपयोगी पडते, नंतर सांगायला संधी नाही. त्या सूचनेचा, पोस्टचा आणि तारखेचा स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवा, काढलेली पोस्ट काही दिवसांनी तुम्हालाही दिसेनाशी होऊ शकते. मेटाने खातंच स्थगित केलं असेल, तर १८० दिवसांची मुदत असते, ती उलटली की कायमचं.

मेटाने अपीलही फेटाळलं, तर संदर्भ क्रमांक मिळतो. तो घेऊन १५ दिवसांत ओव्हरसाइट बोर्डाकडे जाता येतं. बोर्ड फार थोडी प्रकरणं घेतं, म्हणून आशेवर बसू नका, पण घेतलं तर त्या पोस्टपुरता निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. युरोपीय संघात डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला. तिथे कारण लेखी द्यावं लागतं, तक्रारीची सोय किमान सहा महिने उघडी ठेवावी लागते आणि तक्रारीचा निकाल नुसत्या यंत्रावर सोडता येत नाही. कंपन्यांना हे जमतं, एवढं त्यावरून सिद्ध होतं.

आणि जिंकलात तरी एक खातरजमा करा: ठसा यादीतून निघाला का? कोलंबियातल्या पोलिसी अत्याचारावरचं एक व्यंगचित्र चुकून मेटाच्या ठशांच्या पेढीत गेलं. ते टाकणाऱ्यांपैकी २१५ जणांनी अपील केलं, ९८ टक्के जिंकले, तरी चित्र पेढीतच राहिलं आणि पुढच्यांच्या पोस्ट उडत राहिल्या. बोर्डाने प्रकरण घेतलं तेव्हा कुठे ते निघालं. २०२२ चा हा निकाल आहे.

प्रश्न: "९५ टक्के द्वेषपूर्ण मजकूर आम्ही कुणी सांगण्याआधीच पकडतो," असं कंपन्या सांगतात. खरं आहे का?

खरं आहे, पण वाक्य नीट वाचा. जे काढलं, त्यातलं ९५ टक्के आधी पकडलं. जे आहे, त्यातलं नाही. शंभर चोरांपैकी दहाच पकडले आणि ते सगळे गस्तीवरच्या पोलिसानेच पकडले, तर हा आकडा १०० टक्के येईल.

उपयोगाचा आकडा वेगळा: लोकांच्या दर १०,००० नजरांपैकी किती नियमभंगावर पडल्या. फेसबुकने द्वेषाच्या बाबतीत तो पहिल्यांदा २०२० च्या तिसऱ्या तिमाहीसाठी दिला, १० ते ११. यूट्यूबने एप्रिल २०२१ मध्ये सर्व नियमभंग धरून तसाच आकडा काढला: आधीच्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत १०,००० पैकी १६ ते १८. हे नमुने तपासून काढतात, आणि तपासणी कंपनीच्याच व्याख्येने होते. नियम सैल केला, की एकही पोस्ट न काढता आकडा सुधारतो.

प्रश्न: ही तपासणारी माणसं कोण?

बहुतेक कंत्राटी कंपन्यांत पाळीवर काम करणारी. दिवसभर एकामागून एक पोस्ट, प्रत्येकीला काही सेकंद, आणि त्यांच्या निर्णयांपैकी काही पुन्हा तपासून अचूकतेचे गुण. चूक दाखवली गेली की गुण जातात, म्हणून शंका असेल तिथे नियमाच्या अक्षराला धरून राहणं त्यांना परवडतं. तुमचा विनोद समजून घेणं परवडत नाही. शिरच्छेद, बालशोषण, आत्महत्या पाहून पाहून मनावर जखमा झालेल्या अमेरिकेतल्या तपासनिसांच्या दाव्यात २०२० मध्ये फेसबुकने ५ कोटी २० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

प्रश्न: ओळखीच्या एका मुलीचे खासगी फोटो पसरवायची कुणी धमकी देतंय. ती फोटो कुणाला दाखवायलाही तयार नाही.

दाखवायची गरज नाही. तिचं वय आता आणि फोटो काढला तेव्हाही १८ किंवा जास्त असेल, तर संमतीशिवाय पसरवले जाणारे खासगी फोटो रोखणारी स्टॉप एनसीआयआय ही सेवा आहे, डिसेंबर २०२१ पासून. तिच्याच फोनवर फोटो निवडायचा, ठसा तिथल्या तिथे तयार होतो आणि फक्त ठसा पुढे जातो. फोटो फोनबाहेर पडत नाही. प्रकरण क्रमांक आणि पिन मिळतो. तो लगेच लिहून ठेवायचा, हरवला तर परत मिळत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट आणि आणखी काही प्लॅटफॉर्म हे ठसे तपासतात. फोटो १८ च्या खालच्या वयातला असेल, तर हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेच्या एनसीएमईसी संस्थेची टेक इट डाउन ही सेवा त्याच तऱ्हेने चालते.

मर्यादाही सांगतो. कापलेल्या किंवा वर काही चिकटवलेल्या फोटोचा ठसा जुळेलच असं नाही, म्हणून माहीत असलेलं प्रत्येक रूप वेगळं टाकायचं. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये हे चालत नाही. ती सेवा न घेतलेल्या साइटवरही नाही. आणि धमकीचे संदेश पुसू नका, ब्लॉक करण्याआधी नाव, खात्याचा दुवा, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पोलिसांना तेच लागतात.

प्रश्न: आमचा चार हजार जणांचा ग्रुप आहे. अॅडमिन तिघं, रोज भांडणं. "सभ्यता पाळा" हा नियम कुणी पाळत नाही.

कारण तो नियमच नाही, इच्छा आहे. "दुसऱ्याला त्याच्या रूपावरून, जातीवरून, आजारावरून, घरच्यांवरून बोलायचं नाही. मतावरून बोला" हा नियम झाला, कारण दोन माणसं स्वतंत्रपणे तोच निकाल देऊ शकतात. पाच-सहांपेक्षा जास्त नियम नकोत, आणि प्रत्येकाखाली दोन उदाहरणं: एक रेघेच्या जेमतेम आतलं, एक जेमतेम बाहेरचं. टोकाची उदाहरणं देऊन फायदा नाही, ती सगळ्यांनाच कळतात.

नियम चालेल का, हे लागू करण्याआधी पाहता येतं. जुन्या भांडणांतल्या वीस कमेंटी काढा, तिघांनी एकमेकांना न विचारता "ठेवा / काढा" लिहा, मग ताडून पाहा. चार-पाचांहून जास्त ठिकाणी फरक पडला तर अॅडमिन बदलू नका, वाक्य बदला. पुन्हा नव्या वीस घ्या.

शिक्षेची शिडी आधीच जाहीर करा: पहिल्यांदा कमेंट काढून नियमाचा क्रमांक कळवणं, दुसऱ्यांदा सात दिवस म्यूट, तिसऱ्यांदा बाहेर. क्रमांक कळवलाच पाहिजे, नुसती कमेंट गायब झाली की माणूस तीच परत टाकतो. प्रत्येक कारवाईची एका शीटमध्ये ओळ: तारीख, दुवा, नियम क्रमांक, काय केलं, कुणी केलं. काढण्याआधी स्क्रीनशॉट. तक्रार आली, तर ज्याने काढली त्याने ती पाहायची नाही, उरलेल्या दोघांपैकी एकाने पाहायची. शब्दांची यादी लावणार असाल, तर तिचं काम फक्त तुम्हाला इशारा देणं एवढंच ठेवा, आपोआप काढणं बंद ठेवा. नाहीतर पहिल्याच दिवशी ग्रुपमधले सगळे कुमार तुमच्या दारात उभे राहतील.